बावीतला तवंग

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी मंगळवार पेठेतल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. एका मे महिन्यात आमच्या इतिहासाच्या सरांनी मालवणची सहल काढली. शिक्षक आणि त्यांचे सगेसोयरे मिळून अख्खी गाडी भरली. वाटभर सर समुद्रातल्या किल्ल्याची थोरवी सांगत होते. खडकाळ बेट, त्यावर महाराजांनी बांधलेला कोट आणि आतल्या देवळाला कोल्हापूर दरबारातून दरवर्षी जाणारी पैशांची नेमणूक. "आपलंच की ते बेट," असं ते पुन्हापुन्हा म्हणत.

होडीतून उतरून आत गेलो. माडांखाली थोडी घरं होती. किल्ला राखणाऱ्यांचे वंशज अजून तिथंच राहत होते. चहूकडे खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. तिथं त्यांना बाव म्हणतात. आम्ही उतरलो तिथल्या बावीत उन्हाळ्यामुळं गुडघाभर पाणी उरलं होतं.

दुपारी माडाखाली मटण शिजलं. जेवणं झाल्यावर पुरुषमंडळी तेलकट पातेली घेऊन थेट बावीच्या पायऱ्या उतरली आणि पाण्यातच ती घासू लागली. कुणाच्या तरी सासऱ्यानं गुळण्या केल्या. सरांनी तंबाखूची पिंक तिथंच टाकली. पाण्यावर लाल तवंग पसरला, त्यात भाताची शितं आणि चघळलेलं हाड तरंगत होतं.

हंडा घेऊन आलेली एक बाई वरच थबकली. "पावण्यानू, आमी ह्याच पाणी पितंव," ती म्हणाली.

"जाईल की वाहून," सर म्हणाले. बाकीचे हसले.

"विहिरीचं पाणी कुठं वाहून जातंय, सर? घाण काढायला लागा," मी म्हणाले.

"बाई, सहलीला आलोय. शाळा न्हाय ही."

आणि सगळे तटावर फोटो काढायला गेले. मी पदर खोचला. ती बाई, तिची सासू आणि मी पाणी उपसत राहिलो. चरबी बोटांना चिकटत होती. सासू म्हणाली, "नवा पाणी पाझराक दोन-चार दिस जातले." तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच मला जास्त शरम वाटली. निघताना समुद्रात हात चोळचोळून धुतले, तरी वास गेला नाही. होडीत सर म्हणाले, "हितली माणसं जरा तुसडीच हाईत." मी तोंड फिरवलं.

सुट्टीनंतर सरांचं शाळेत भाषण झालं. पूर्वजांनी समुद्राच्या पोटात राखलेलं अमृत, असं काहीबाही ते बोलले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आभार मानायला मला उभं केलं, तेव्हा त्या अमृतात आम्ही काय धुतलं ते मी सगळं सांगितलं. सरांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं. मला ते बरंच वाटलं.

भाषणाच्या दिवशी वर्गात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग बाई, त्यांनी पाणी कुठनं आणलं?"

"दुसऱ्या बावीवरनं," मी म्हणाले. "उन्हात, किल्ल्याच्या पार त्या टोकाला जाऊन."