ब्रिनेलिंगच्या आधीचा शब्द

आमचे प्लांट हेड वेंकटेशन सर यांनी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि एका शब्दाखाली पेनाने रेघ मारली. शब्द होता ‘फॉल्स’.

“फॉल्स म्हणजे खोटं. कस्टमरला आपणच खोटं म्हणून लिहून द्यायचं?”

मी मेटलर्जिस्ट आहे. धातू का तुटला, का झिजला, हे शोधणं माझं काम. सांगलीहून चेन्नईला येऊन मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आमची कंपनी गाडीच्या चाकाचे हब बनवते. हबमध्ये बेअरिंग बसवतात. बेअरिंग म्हणजे दोन रिंगा आणि त्यांच्यामध्ये फिरणारे पोलादी बॉल. उत्तरेकडच्या एका कार कंपनीने आमचे चाळीस हब परत पाठवले होते. चाक फिरलं की घरघर यायची.

बेअरिंग कापून पाहिलं, तर रिंगवर दोन बॉलमध्ये असतं तेवढ्या अंतराने बारीक खळगे होते. अशा खळग्यांना ब्रिनेलिंग म्हणतात. बसवताना कोणी हातोडी मारली किंवा भलताच दाब दिला, की बॉल रिंगमध्ये रुततो आणि खळगा पडतो. पण अगदी तसाच दिसणारा दुसरा खळगा असतो. बेअरिंग फिरत नसतं, नुसतं थरथरत असतं, जसं आठवडाभर ट्रकमध्ये. ग्रीस बाजूला सरकतं आणि बॉल एकाच जागी घासत राहतो. हे फॉल्स ब्रिनेलिंग. फरक मायक्रोस्कोपखाली कळतो. दाबाने पडलेल्या खळग्याच्या तळाशी रिंग बनवताना पडलेल्या ग्राइंडिंगच्या मूळ रेघा शिल्लक राहतात. घासून पडलेल्यात त्या पुसल्या जातात. मी पाहिलेल्या एकाही तुकड्यात रेघा नव्हत्या. म्हणजे दोष पॅकिंगचा होता, बसवणाऱ्याचा नव्हता.

हे सगळं मी सरांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, तो शब्द काढा, फोटो जोडलेले आहेतच, ज्याला कळायचं त्याला कळेल. पाच वाजता रिपोर्ट जायचा होता. मी दहा मिनिटं वाद घातला आणि शब्द काढला. खाली सही माझी होती.

दोन दिवसांत कस्टमरचा मेल आला. ब्रिनेलिंग आहे म्हणजे असेंब्लीत चूक आहे, करेक्टिव्ह अ‍ॅक्शन कळवा. चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत, असा त्याचा अर्थ. त्या बॅचला हबमध्ये बेअरिंग दाबून बसवणाऱ्या प्रेसवर कोण होतं, ते प्रॉडक्शनने शोधलं. गणपतराव होते.

गणपतराव तंजावरकडचे मराठी. पन्नाशी उलटलेली, एकोणीस वर्षं कंत्राटावर. शिफ्टभर तमिळ बोलायचे, माझ्याशी मात्र त्यांच्या घरातलं जुनं मराठी, तमिळ हेलातलं. चौकशीत ते एवढंच म्हणाले, “हातोडी मी घेतलों नाही, सार्.” प्रत्येक हबला किती दाब दिला त्याची नोंद प्रेसच्या मशीनमध्ये होती. ती कोणी उघडून पाहिली नाही. महिनाअखेरीला त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. कस्टमरला कळवलं, ऑपरेटर बदलला.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, “रिपोर्ट तुमचाच आहे, मॅडम.”

तीन महिन्यांनी नव्या ऑपरेटरने बसवलेले हब परत आले. तेच खळगे. या वेळी मी ‘फॉल्स’ लिहिलं आणि तो शब्द काढणार असाल तर सही करणार नाही, असं सांगितलं. पॅकिंग बदललं. तक्रारी थांबल्या. गणपतरावांना परत घ्या म्हणून मी एचआरला तीन मेल केले. तिसऱ्याला उत्तर आलं, कंत्राटदार बदलला आहे, जुनी यादी उपलब्ध नाही.

एका रविवारी मी वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी गेले. ते आता शोळिंगनल्लूरच्या एका ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीचं काम करत होते. बायकोने कॉफी आणि फुटाणे आणले. गणपतरावांनी कपाटातून कंत्राट न वाढवल्याचं कंपनीचं पत्र काढलं आणि त्यातल्या ‘ब्रिनेलिंग’ या शब्दावर बोट ठेवलं. मुलीने डिक्शनरीत शोधला होता, पण तिच्या डिक्शनरीत तो नव्हता.

“याचा अर्थ काय, बाई?”

मी स्टीलच्या ताटलीत फुटाणे ठेवले. एक अंगठ्याने दाबून दाखवला. मग ताटली हलवत राहिले आणि ट्रकमध्ये काय होतं ते सांगितलं. ते वाकून बघत होते.

“म्हणजे माझ्या हातून झालं नव्हतं.”

“नाही.”

“तुम्हांला तेव्हा ठाऊक होतं?”

“हो.”

त्यांनी ताटली उचलून आत नेऊन ठेवली. ते परत बाहेर आले नाहीत. मग त्यांच्या बायकोने मला दारापर्यंत सोडलं.

लॅबमध्ये नवीन इंजिनिअर आले की मी त्यांना दोन्ही खळगे दाखवते. टेक्निकल शब्द अर्धा लिहिला, तर त्याचा अर्थ अर्धा राहत नाही, उलटा होतो, एवढं सांगते. ते लिहून घेतात. पाच वाजता रिपोर्ट जायचा असेल तेव्हा ते काय करतील, हे मला सांगता येत नाही.