फादरांना लागलेली हळद

युरोपातल्या कॅथलिक विद्यापीठात समाजशास्त्र शिकायचं असेल तर घराची भिंत रंगवावी लागते, असं त्यांच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ही अक्कल माझी स्वतःची!

शिष्यवृत्तीची शेवटची मुलाखत व्हिडिओवर होणार होती. जागा एक आणि उमेदवार तीन. मिळाली तर मी रानशेतहून थेट युरोपात. नाही तर पुन्हा कासा बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात. एम.ए. झाल्यापासून दोन वर्षं मी तिथे लोकांची आधार कार्डं पुढून-मागून छापत होते. त्यामुळे आठवडाभर मला चैन म्हणून नव्हती. जेवता जेवता उठायचे आणि उठल्यावर कशाला उठले तेच विसरायचे. बा म्हणायचा, "पोरीच्या पायाला भिंगरी लागलीय. हिला विमान कशाला? अशीच पोचेल!"

आईची काळजी वेगळीच होती.

"फादर लोकांचं कॉलेज ना ते? तिकडं लगीन करू देतात ना?"

"आई, फादर लोक स्वतः करत नाहीत. मला कोण अडवतंय?"

"मग हरकत नाही," आई म्हणाली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

अर्जासोबत मी वीस पानी निबंध पाठवला होता. विषय होता आमच्याकडचा लग्नाचा चौक. लग्नघराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने जो काढतात, तो. निबंधात मी ठणकावून लिहिलं होतं की ही प्रथा आता संपल्यात जमा आहे, चौक फक्त शोभेपुरता उरला आहे. (लिहिताना मी झेरॉक्सच्या दुकानात बसले होते. तिथून सगळंच संपल्यासारखं दिसतं.) मग मला वाटलं, मुलाखतीच्या वेळी आपल्या मागे अस्सल चौकच हवा! परीक्षक गारच पडतील.

घरात रेंज फक्त पडवीत येते, म्हणून भिंत पडवीतली ठरली. ती रस्त्यावरून दिसते, याचा मी काडीचा विचार केला नाही. मुलाखतीच्या दिवशी उजाडताच आत्याकडे गेले. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण, गावातली लग्नं लावणारी धवलेरी. आमच्याकडे भटजीच्या जागी तीच.

"आत्या, चौक काढून दे ना."

"कुणाचं लगीन?"

"लगीन नाही गं, मुलाखत आहे."

"मग मुलाखतीचं चित्र काढ. चौक लग्नाला काढतात." एवढं बोलून ती पिशवी घेऊन कासाच्या बाजाराला निघून गेली.

मी काय हार मानणार? मोबाईलवर फोटो शोधला (स्वतःच्या घरातली प्रथा इंटरनेटवरून उतरवणारी मी अभ्यासक!) आणि लगेच पीठ कालवून सुरू झाले. चौकट वाकडी झाली. घोडा काढला तो कुत्र्यासारखा दिसायला लागला. मधल्या देवीला हात लावायची हिंमत झाली नाही, म्हणून जागा मोकळीच ठेवली. म्हटलं, तिथे तसंही माझं डोकं येणार!

तेवढ्यात जीपवाला काशिनाथ रस्त्यात हॉर्न वाजवत थांबला. "अगं ए! चौक? आणि आम्हाला पत्ताच नाही?"

"काशिनाथदादा, आता बोलायला वेळ नाही. दोन वाजता आहे!"

"आजच? दोनला?"

"हो रे बाबा, दोनला!"

तो जीपभर माणसं घेऊन कासाकडे सुसाट निघाला, आणि वाटेत प्रत्येक पाड्यावर थांबला.

बरोबर दोनला पडद्यावर प्राध्यापक आले. पांढरी दाढी, गळ्यात फादरांची पट्टी, चेहरा प्रेमळ. पहिलाच प्रश्न आला, "चौक फक्त शोभेपुरता उरला, हे कशावरून म्हणता?"

मी घसा साफ केला. "कारण आता चौक पाहून कोणाला काही वाटत नाही."

आणि फाटकातून पंधरा बायका आत आल्या. कुणाच्या डोक्यावर तांदळाची पाटी, कुणाच्या हातात कोंबडी. मागून दोघं ताडीचा माठ घेऊन आले. दोघी-तिघींनी तर गाणंच धरलं.

"नवरी अशी गाऊनवर का बसलीय?" एकीने विचारलं. (वर फॉर्मल शर्ट होता, पण कॅमेऱ्यात तेवढंच दिसणार म्हणून खाली गाऊन तसाच ठेवला होता.)

"नवरा कुठाय?"

"अगं तो काय, फोनमधे!"

सगळ्या माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"अगं बाई, हा तर बाच्या वयाचा!"

"ते फादर आहेत!" मी ओरडले.

"कुणाचा फादर? म्हणजे बिजवर? पोरं किती?"

शेजारची देवकीआजी मात्र मोठ्या मनाची. "असू दे, चेहरा चांगला आहे," म्हणत तिने वाटीत बोट बुडवलं आणि पडद्यावर फादरांच्या कपाळाला हळद लावली!

फादरांनी शांतपणे विचारलं, "या बाईंनी आत्ता काय केलं?"

मला रडू यायचंच बाकी होतं. दोन वर्षांचं स्वप्न त्या पिवळ्या डागाखाली चाललं होतं. शेवटी खरं तेच सांगितलं, की चौक दिसला म्हणून गाव लग्नाला आलंय आणि नवरा तुम्हालाच समजलंय. ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. तेवढ्यात बाजारातून आत्या पोचली. तिने भिंत पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"कुणी काढलं हे? मधे देवी नाही! रिकामा चौक ठेवतात का कुठं?"

"पुसते ना, आत्या!"

"पुसायचा नाही! काढला म्हणजे लगीन झालंच पाहिजे. बोला, कुणाचं?"

माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी फादरांकडे बघितलं. फादर घाईघाईने खाली बघायला लागले. आणि मागून आईचा आवाज आला, अगदी हळू.

"आमचंच राहिलंय की."

बा लाजून ताडीच्या माठाआड गेला. आमच्याकडे आधी संसार थाटतात आणि लगीन सवडीने लावतात. माझ्या आई-बाला सव्वीस वर्षांत सवडच झाली नव्हती! मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण वीस पानांत त्यावर एक ओळ नव्हती. आईचा तो लाल झालेला चेहरा बघून मला माझ्या निबंधाची खरोखर लाज वाटली. नेमकी तेव्हाच रेंज गेली.

पुढचे दहा दिवस मी पडवीत येरझाऱ्या घालून जमीन झिजवली. अकराव्या दिवशी पत्र आलं. शिष्यवृत्ती मंजूर! एकच अट होती, 'शोभेपुरता' ते वाक्य खोडायचं.

मग आत्याने माझा कुत्रा पुसला, घोडा काढला, मधे देवी बसवली आणि जायच्या आठ दिवस आधी मी माझ्या आईला हळद लावली. हसत होते आणि नाक पुसत होते.

इथे आल्यावर फादरांना लग्नाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "अप्रतिम! आपल्या विभागाच्या भिंतीवर असाच एक चौक काढशील?"

मी साफ नाही म्हटलं. एक तर मला घोडा येत नाही. आणि त्या अख्ख्या मजल्यावर सगळे फादरच बसतात. उद्या आत्या विचारेल, कुणाचं लगीन, तर बळी जायला मी एकटीच उरते!