विजेला उत्तर देणारी यमुनाअक्का

आभाळ गडगडलं की आमच्या असोद्यातल्या बायका मुलांना गोधडीत कोंबत. बालवाडीची यमुनाअक्का मात्र पदर कमरेला खोचायची, मुलांना दार-खिडकीपासून लांब, खोलीच्या मधोमध बसवायची आणि वर बघून म्हणायची, "गरज, कितलं गरजनं शे ते गरज! आमले बी तोंड शे!"

अक्का मूळची दोंडाईचाकडची. तिचं 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणणं ऐकून गाव हसायचं. मग ती आणखी ठसक्यात बोलायची. तिच्या हातचं पाणी न पिणाऱ्या बायकांची मुलं तिच्याच मांडीवर झोपत, आणि हे ती त्या बायकांना तोंडावर ऐकवायची.

सत्याऐंशी साल असेल. माझे वडील त्या वर्षीच्या वळवात गेले. केळीच्या शेतातून येताना पाऊस लागला म्हणून बांधावरच्या निंबाखाली थांबले, तिथेच वीज पडली. मी पाच वर्षांची होते. त्यानंतर ढग नुसता घुमला तरी मी बालवाडीतल्या टेबलाखाली शिरायचे, कान दाबून धरायचे. परकर ओला व्हायचा. अक्का तो बदलायची.

शेजारच्या शेवंताकाकूने गावात उठवलं, की वीज घर धरते. ही पोर जिथे बसेल तिथे पडेल. दोघी-तिघींना घेऊन ती बालवाडीच्या दारात आली.

"अक्का, हिला घरी पाठव. आमचेबी लेकरं बसतात इथं."

अक्काने दोन्ही हात चौकटीला लावले. "हाई पोर आठेच बसी. तिले उठाडनं व्हई, ते पहिले माले उठाडा."

बायका कुरकुरत गेल्या. मी सगळं ऐकलं होतं. अक्काला विचारलं, "वीज मला शोधत होती का?"

तिने पाटीवर झाड काढलं, खाली एक माणूस काढला. "तुना बाप झाडखाले उभा व्हता. वीज उंच झाडवर पडस. तिले कोनं नाव-गाव माहीत नही."

तोवर घरात सगळे 'देवाची इच्छा' एवढंच म्हणत होते. खरं सांगणारी ती पहिली.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी अंधारून आलं. वीज चमकली की मोजायचं आणि गडगडलं की सुकडी खायच्या ताटल्या बडवायच्या, हा अक्काचा नेम. आकडे वाढले तर वीज लांब चालली. मी टेबलाखाली. इतकी धिप्पाड अक्का वाकून माझ्याशेजारी शिरली, माझा हात धरला.

"माले बी भ्याव लागस," ती कानात म्हणाली. "पन मोजूत."

आम्ही मोजलं. पाचाला कडाडलं. मी ताटली बडवली आणि ओरडले, "माझ्या बाबांना का मारलं?" अक्का म्हणाली, "आखो! जोरमा!" मी घसा फुटेपर्यंत ओरडले.

तेवढ्यात उघड्या दारातून शेवंताकाकू दिसली. मुलाला न्यायला आलेली, अंगणातल्या चिंचेखाली आडोशाला उभी. मी टेबलाखालून निघाले, थेट दारापाशी गेले. "काकू, झाडाखालून निघा! आत या!" पाऊस माझ्या तोंडावर येत होता. काकू पळत आली. चिंचेवर वीज पडली नाही. भिजलेली काकू मुलांच्या घोळक्यात टेकली. जागा होती ती नेमकी माझ्याजवळ. पुढच्या गडगडाटाला तिने माझा दंड घट्ट धरला. पुन्हा तिने कधी मला घरी पाठवायचं नाव काढलं नाही.

मी चौथीत असताना अक्काची बदली धुळ्याकडे झाली. एसटीच्या थांब्यावर मी हमसून हमसून रडू लागले, तशी आई लाजली. "गप, लोक बघतात," म्हणाली.

अक्काने पिशवी खाली ठेवली. "रडू द्या तिले," ती म्हणाली. "कोनाले भिऊन आवाज दाबानं नही."