आज धार कुणी काढली?

आधी माफी मागतो. गाव सोडण्याबद्दल लिहावं एवढा मी लांब गेलेलो नाही. अक्कलकोटच्या पुढचं आमचं खेडं ते सोलापूर, एसटीनं जेमतेम दीड तास. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्याआधी घरात जे काही लिहिलं गेलं ते सह्या आणि लग्नपत्रिकांवरची नावं. शिवाय माझा सांख्यिकीचा पेपर द्यायचा राहिलेला आहे, आणि त्याचा अभ्यास सोडून हा लेख कसला लिहितोय, असं आमच्या सरांना वाटलं तर त्यांचं चुकणार नाही.

तरी लिहितो, कारण जे खरोखर लांब गेले होते ते दोड्डप्पा कधी लिहिणार नाहीत. दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्याकडे घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, नाती मात्र कानडीतच राहिली आहेत. वडील अप्पा, आई अव्वा, मोठे काका दोड्डप्पा आणि त्यांची बायको दोड्डव्वा. दोड्डप्पा तीस वर्षं मस्कतला शिंपीकाम करत होते. त्यांना मूलबाळ नाही. मला त्यांनी जे शिकवलं ते बहुतेक व्हॉइस मेसेजमधून. फोन बदलला तेव्हा त्यातले बरेच मेसेज गेले. उरलेलं विसरायच्या आत लिहून ठेवावं, एवढाच हेतू.

मी गाव सोडलं त्या सकाळी फाट्यावर अप्पा, अव्वा, दोड्डव्वा आणि एक पत्र्याची पेटी, एवढे उभे होतो. दोड्डव्वानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून दिली होती. दोड्डप्पा अप्पांच्या फोनवर होते, दुकान उघडायच्या आधीच्या वेळात, मागे कापडाचे तागे दिसत होते. अव्वा रडत होती म्हणून अप्पा तिच्यावर चिडले होते. तेवढ्यात दोड्डप्पा मला म्हणाले, "खोलीवर गेलास की आधी अंथरूण घाल, मग फोन कर. बिनअंथरुणाच्या जागेवरनं बोललं की आवाज रडका येतोय. घरच्यांना वाटतंय पोरगं रडतंय."

मी तसंच केलं. होस्टेलच्या लोखंडी कॉटवर चादर नीट घातली, उशी ठेवली, मग फोन लावला. माझा आवाज चांगला आला असं अव्वा म्हणाली. खरं तर चादर घालतानाच माझं रडून झालं होतं.

पुढची दोन वर्षं मस्कतहून असं काही ना काही येत राहिलं. त्यांचं सगळं आयुष्यच मला अशा तुकड्यांतून कळलं. रुवी नावाच्या भागात एका खोलीत चौघं. दोन केरळचे, एक बांगलादेशचा. साठी उलटल्यावर बाकीच्यांनी न मागता त्यांना खालचा पलंग दिला आणि ते सगळ्यांचे चाचा झाले. त्याचं त्यांना बरंही वाटलं आणि वाईटही. दुपारी एकला दुकान बंद व्हायचं ते चारला उघडायचं. तेवढ्या वेळात ते भात शिजवायचे, गुडघ्याला तेल लावायचे आणि मला मेसेज पाठवायचे. ज्वारीचं पीठ तिकडे मिळतं, पण जुनं असतं, थापताना चिरा पडतात. म्हणून ते उकळत्या पाण्यात मळायचे आणि भाकरी तळहाताएवढीच करायचे. "मोठी करायची हौस सोडली," म्हणायचे. "मोठी केली की चिरा पडून नकाशा होतोय. हितं दावायचाय कुणाला?"

कागदपत्रांच्या झेरॉक्स आपल्याजवळ ठेवू नकोस, दुसऱ्याच्या पेटीत ठेव. आजारी पडायच्या आधी शेजारच्या खोलीतल्या माणसाला आपलं नाव सांगून ठेव. उपाशीपोटी भांडायला जाऊ नकोस आणि उपाशीपोटी दुःखाला सामोरा जाऊ नकोस. गोळ्यांच्या डबीवर वारांची नावं लिही, कारण परक्या ठिकाणी सगळे वार सारखेच वाटतात. मला तेव्हा गोळ्या नव्हत्या. तरी ऐकून घेत होतो.

पण सगळ्यात महत्त्वाची शिकवण धारेची.

"घरी फोन केलास की सगळं बरं हाय का, असं कदी विचारू नको," ते म्हणाले होते. "सगळे व्हय म्हणत्यात. आज धार कुणी काढली, इचार. जनावराला पाणी कुणी दावलं, भाकरी कुणी थापली. रोज काढणाऱ्यानं काढली न्हाय, की समज काय तर झालंय."

हे ते का शिकले ते मला अप्पांकडून कळलं. माझे आजोबा वारले तेव्हा दोड्डप्पांना मस्कतला जाऊन दोनच वर्षं झाली होती. त्यांना एका महिन्यानं कळवलं. येता येणार नाही, तिकडे एकटा रडेल, धरायला कुणी नाही, मग सांगून काय करायचं, असा घरात विचार झाला. आमच्याकडे बाहेर असलेल्या माणसाला वाईट बातमी अशीच जपून, उशिरानं देतात. त्यात मायाच असते, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या महिन्यात दोड्डप्पांनी आजोबांसाठी एक सदरा शिवून सुट्टीवर येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवला होता. तो सदरा मातीनंतर अठरा दिवसांनी घरी आला. अजून दोड्डव्वाच्या ट्रंकेत आहे, घडी न मोडलेला.

गेल्या वर्षी दोड्डप्पा कायमचे परत यायचे ठरलं. येळवसेच्या आधी येणार होते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात सगळे ज्वारीच्या रानात जातात, कडब्याची खोप करून पूजा करतात आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील खाऊन येतात. तीस वर्षांत दोड्डप्पांना ती दोनदाच सापडली होती. दोड्डव्वानं आंबिलीसाठी मातीचा नवा डेरा आणून ठेवला होता.

त्याच्या अडीच महिने आधी दोड्डव्वाला लकवा मारला. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणं गेलं. तिला सोलापूरला आणलं आणि सोलापुरात घरचा माणूस मीच, म्हणून दवाखान्यात मी थांबायला लागलो. सकाळी कॉलेज, दुपारी वॉर्ड. अप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अण्णाला, तुझ्या दोड्डप्पाला, काय बी कळू द्यायचं न्हाय. दोन महिन्यानं येणारच हाय, तवर तिचा फोन बिघडलाय म्हणायचं. तितं एकटं माणूस, काय तर करून घेईल." मी हो म्हणालो. मला ते पटलंसुद्धा होतं.

चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ बसलेलो असताना दोड्डप्पांचा व्हिडिओ कॉल आला. फोनवर त्यांचा फोटो दिसला. दोड्डव्वानं डावा हात उचलला आणि माझ्याकडे नेला. बोटं हलत होती. मला वाटलं ती नको म्हणतेय, उचलू नको म्हणतेय. मी कॉल कापला आणि फोन खिशात ठेवला. तिचा हात बराच वेळ तसाच होता. मग खाली गेला.

संध्याकाळी बाहेरच्या पायऱ्यांवरून मी त्यांना फोन केला. कुठे होतास, जेवलास का, असं झाल्यावर त्यांनी विचारलं, घरी फोन केलास का, आज धार कुणी काढली.

मी म्हणालो, "दोड्डव्वानं."

"असं व्हय. कितीक दिलं दूध?"

"दीड लिटर."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, निभावलं. त्यांच्याच पद्धतीनं बारीक उत्तर दिलं याचा थोडा अभिमानही वाटला, हे लिहायला आता लाज वाटते. त्यानंतर त्यांचे मेसेज कमी झाले. शिकवण तर बंदच झाली. नुसतं "जेवलास का" एवढंच यायचं.

पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी दोड्डव्वाला घरी न्यायला सांगितलं. आता औषधांनी व्हायचं ते झालं, म्हणाले. त्याचा अर्थ अप्पांना कळला, मलाही कळला. गाडीत झोपवून तिला गावाकडे नेलं आणि मी होस्टेलवर परत आलो. त्या रविवारी माझ्या डोक्यातून तो ट्रंकेतला सदरा काही जाईना. दुपारी अडीच वाजता, म्हणजे मस्कतला एक वाजता, दुकान बंद व्हायच्या वेळेला मी फोन लावला. आधी त्यांना जेवायला सांगितलं. ते काही न विचारता जेवले. मी फोन चालूच ठेवला होता, ताटाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "सांग."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे फक्त तीन गोष्टी विचारल्या. कुठली बाजू. घास गिळती का. कूस कोण बदलतं. मग ताट सरकवल्याचा आवाज आला.

"मला तवाच कळालंतं," ते म्हणाले. "तिची बोटं वळत न्हाईत, दोन वर्सं झाली. धार तुझी अव्वा काढती. तू म्हणालास दोड्डव्वानं."

मी कॉटवर उठून बसलो.

"सुट्टीला घरी जातोस न्हवं?"

जातो. आठला उठतो, तोवर दूध तापलेलं असतं. कुणी काढलं हे मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांनी शिकवलेला प्रश्न घरी फोनवर कधी विचारलाही नव्हता. लहानपणी दोड्डव्वाच काढायची, तेच माझ्या डोक्यात राहिलं होतं.

"मला मस्कतात ठावं, तुला सोलापुरात ठावं न्हाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तू बी बाहेरचा झालास बग."

मी विचारलं, कळलं होतं तर तुम्ही आम्हाला का नाही विचारलं. ते म्हणाले, गावातल्या दुकानदाराला विचारलं होतं. सगळं बरं हाय म्हणाला, पण लई घाईनं म्हणाला. मग कुणीतरी आपणहून सांगेल म्हणून थांबलो.

अप्पा माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. शिकून शहाणपण आलंय, एवढंच अव्वाजवळ म्हणाले. दोड्डप्पा सहाव्या दिवशी हैदराबादमार्गे आले. सोलापूर स्टेशनवर मी घ्यायला गेलो. तीस वर्षांचं सामान दोन बॅगांत होतं आणि कात्री वेगळ्या पिशवीत, गुंडाळून. मला वाटलं धावत सुटतील. पण त्यांनी आधी स्टेशनबाहेर चहा आणि दोन बनपाव घेतले, सावकाश खाल्ले. "रिकाम्या पोटानं तिच्याम्होरं गेलो तर मीच पडंन," म्हणाले. मग मी त्यांना अक्कलकोटच्या बसमध्ये बसवलं. माझी सेमिस्टरची परीक्षा सुरू झाली होती, मी गेलो नाही.

त्यांना दोड्डव्वाबरोबर अकरा दिवस मिळाले. एकदा फोनवर त्यांनी सांगितलं की ती दिवसभर त्यांचा मोबाईल डाव्या हातात धरून पडलेली असते, काढून घेतला तर बघत राहते. मी दवाखान्यातल्या त्या कॉलबद्दल त्यांना सांगितलेलं नाही. हा लेख गावात कुणी त्यांना वाचून दाखवला तर कळेल. कळावं, म्हणून लिहिलं आहे.

घर म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगायला जरा अडखळतो. गाव तिथेच आहे, माझा पलंग आहे, अव्वा आहे. पण ज्या घरात सकाळी कुणाची बोटं दुखतात हे मला ठाऊक नाही, त्याला माझं म्हणायचा हक्क रोज नव्यानं मिळवावा लागतो, असं वाटतं. आणि तिकडच्यांनीही मला तो द्यावा लागतो. जपून, उशिरानं दिलेल्या बातमीत माया असते, पण ती घेणारा माणूस तोपर्यंत घराबाहेर उभा असतो.

सांख्यिकीच्या पेपरच्या दिवशी सकाळी अव्वाचा फोन आला. पेपर नीट लिही म्हणाली. मी विचारलं, आज धार कुणी काढली. "मीच की, आनि कोन," ती म्हणाली. ते खरंच होतं. तिचा आवाज थोडा बसलेला होता, पण थंडीचे दिवस होते. मी निघालो. कॉलेजच्या फाटकाशी फोन बंद करायला काढला, तर दोड्डप्पांचा मेसेज आलेला होता. मागे माणसांचा आवाज होता, कुणीतरी भजन म्हणत होतं. तो मेसेज मी पुसलेला नाही.

"वाईट बातमी आधी सांगतो. तुझी दोड्डव्वा पहाटं गेली. मी जवळच होतो. चार वाजता माती हाय. पोराला पेपर झाल्याबिगर सांगू नका म्हणून तुझ्या अप्पानं सगळ्यांस्नी बजावलंय. पेपर द्यायचा का यायचं ते तुझं तू ठरव. पर आधी काय तर खाऊन घे."