मोहिते काकांची थ्री-नॉट-थ्री

तीन मराठी इंजिनिअर एका गराजमध्ये जमले की वस्तू दुरुस्त होईलच याची गॅरंटी नाही, पण सांगण्यासारखं काहीतरी घडणार हे नक्की! गेल्या वर्षी इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात, मोहिते काकांच्या गराजमध्ये आम्ही एक जुनी मिलिटरी रायफल नीट करायला घेतली. आता कुणाकडेही जेवायला गेलो की "ए, तो बोल्टचा किस्सा सांग ना!" अशी फर्माईश होते. म्हटलं, एकदा सगळंच ओळीने सांगून टाकावं.

मोहिते काका पंच्याहत्तरीचे, मूळचे साताऱ्याकडचे. इथल्या गाड्यांचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झाले. "माझं अख्खं करिअर गोष्टी थांबवण्यात गेलं," असं स्वतःच म्हणतात. मी आणि नागपूरचा महेश त्यांच्याच गल्लीत राहतो. आम्ही दोघंही इंजिनवाले.

*

काकांना रायफल हवी होती ती थ्री-नॉट-थ्री. तीसुद्धा भारतात बनलेली, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर असायची तीच. शोधत शोधत तासाभराच्या ड्राइव्हवर एका दुकानात सापडली. काकूंचा कडाडून विरोध! "नातवंडं येतात घरात. हवं कशाला ते?" शेवटी अटींवर मान्य झाल्या. लोखंडी सेफ आणायची, गोळ्या घरात आणायच्या नाहीत आणि सेफची किल्ली काकूंकडे.

अटी पाळल्या जातायत का ते बघायला काकू दुकानातही आल्या. बॅकग्राउंड चेकचा फॉर्म भरायचा होता. काका चष्मा लावून एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते. एक प्रश्न असा आला, "तुम्हाला कोर्टाने कधी मनोरुग्ण ठरवलं आहे का?"

काका जरा थांबले.

काकू म्हणाल्या, "लिहा, कोर्टाने नाही!"

*

घरी आणली तेव्हा ती रायफल आहे हे सांगावं लागत होतं. गंज चढू नये म्हणून सगळीकडे जाड तपकिरी ग्रीस थापलेलं. ते वर्षानुवर्षं वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं. आम्ही सगळं सुटं केलं. काकांनी बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा पोलादी दांडा, उकळत्या पाण्यात टाकायचं ठरवलं आणि काकू देवळात गेल्याचं बघून त्यांचं मोठं पातेलं गॅसवर चढवलं.

काकू लवकर परत आल्या. पातेल्यात डोकावल्या. आम्ही तिघं मान खाली घालून उभे. त्यांनी नुसतं झाकण ठेवलं आणि सोफ्यावर जाऊन बसल्या. हे जास्त भयानक होतं, यार!

तेवढ्यात महेशची बायको त्याला शोधत आली. झाकणाखालून वाफ येतेय, टेबलावर कांदे चिरून ठेवलेले. ती खुश! "अय्या काकू, मटण का? कधी शिजेल?"

"बोल्ट आहे तो," काकू म्हणाल्या. "अजून अर्धा तास!"

ते पातेलं त्या दिवशीच गराजमध्ये गेलं. काकांनी नवीन आणून दिलं, त्याच्यापेक्षा मोठं.

*

ग्रीस निघाल्यावर खालचं पोलाद काळंभोर, झकास निघालं. महेशने कौतुकाने नळीवरून हात फिरवला. काकांनी फाडकन त्याच्या मनगटावर मारली! महेश बघतच राहिला. काकाही ओशाळले.

मग स्टुलावर बसून सांगायला लागले. त्यांचे वडील हवालदार होते. शाळेत जाताना काका चौकीवर त्यांचा डबा पोचवायचे. रायफली ओळीने उभ्या, साखळीत बांधलेल्या असायच्या. एक दिवस त्यांनी एका रायफलीला हळूच बोट लावलं. वडिलांनी तिथल्या तिथे कानाखाली ठेवून दिली.

"मी रडायला लागलो. वाटलं, आता जवळ घेतील. तर ते फडकं घेऊन माझं बोट लागलं होतं तेवढी जागा पुसायला लागले! घामाने गंज चढतो ना."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

"संध्याकाळी घरी आल्यावर मला म्हणाले, 'ती सरकारची आहे रे. तू माझा आहेस. तुला उद्या समजावता येईल, तिला गंज चढला तर माझी नोकरी जाईल.' पण समजावलं नाही कधी. त्याच वर्षी गेले."

महेशने फडकं उचललं आणि आपला हात लागला होता तिथली नळी पुसून काढली.

*

लाकडी दस्त्याला जवसाचं तेल लावायचं होतं. तेसुद्धा हाताने, रोज थोडं थोडं. आमचं चोळणं बघून काकूंना राहवेना.

"हे काय, गाडी पुसताय? दोन बाळंतपणं केलीत मी मुलीची. सरका!"

पदर खोचावा तशा स्वेटशर्टच्या बाह्या वर केल्या आणि बसल्या. पुढचे पंधरा दिवस कुणालाही हात लावू दिला नाही. लाकूड असं उजळलं की काका फोटो काढून सगळ्यांना पाठवायला लागले.

मुलीने फ्लोरिडाहून फोन केला, "आई, तुझा गनला विरोध होता ना?"

"गनला आहेच. हे लाकूड आहे!"

*

उडवण्याआधी तपासून घ्यायला हवीच. वॉल्टर नावाचा एक म्हातारा गनस्मिथ आहे. त्याने मापं घेतली आणि मान हलवली. "बोल्टचं डोकं झिजलंय. ही उडवू देणार नाही मी तुम्हाला. भिंतीवर लावा."

काकांनी रायफल त्याच्याकडेच ठेवली आणि परतताना त्यांची हायवेची एक्झिट चुकली. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दीड महिन्याने वॉल्टरचा स्वतःहून फोन, "पार्ट मिळाला. बसवलाय. या."

आम्ही धावतच गेलो. "सेफ आहे?" काकांनी विचारलं.

"मी स्वतः दहा गोळ्या उडवल्या," वॉल्टरने दोन्ही पंजे वर केले. "बघा, सगळी बोटं जागेवर!"

महेशने मोजली. नऊ!

"ते एक लॉनमोअरने नेलं," वॉल्टर म्हणाला. "रायफलचा काही संबंध नाही."

*

खंडेनवमीला काकांकडे शस्त्रपूजा झाली. पाटावर माझा टॉर्क रेंच, महेशचा लॅपटॉप, काकूंची विळी आणि मधोमध रिकामी, कुलूप लावलेली रायफल. तिच्यावर झेंडूचं फूल. काकांची नात फ्लोरिडाहून आली होती, आठ वर्षांची. तिने भुवया वर केल्या.

"आजोबा, आर वी प्रेइंग टु अ गन?"

काकांनी तिला जवळ घेतलं. "नाही गं. वी आर आस्किंग इट टु स्टे क्वाएट."

*

आणि मग त्याच आठवड्यात नेमबाजीच्या रेंजवर गेलो. काकूसुद्धा आल्या, थर्मासमध्ये चहा घेऊन. शेजारच्या लेनवर दाढीवाला एक आडदांड गडी होता. त्याची रायफल नवी कोरी, वर भलीमोठी दुर्बीण.

काकांनी एकच गोळी घेतली. कानाला मफ, डोळ्यांना गॉगल. रायफल खांद्याला लावली. इतका वेळ लावला की रेंज ऑफिसर दोनदा डोकावून गेला. मग धाडकन आवाज झाला! काका अर्धा पाऊल मागे सरकले, पण रायफल सोडली नाही.

फायरिंग थांबल्यावर सगळे टार्गेट बघायला पुढे गेलो. काकांचा कागद कोरा. एक ओरखडासुद्धा नाही! महेश बुटाची लेस बांधायला लागला.

तेवढ्यात दाढीवाला आला, हातात स्वतःचं टार्गेट. त्याने पाच गोळ्या उडवल्या होत्या. कागदावर भोकं सहा. पाच इकडेतिकडे विखुरलेली आणि सहावं बरोब्बर मधोमध!

त्याने खिशातून पेन काढलं, मधल्या भोकाभोवती गोल केला आणि कागद अदबीने काकांच्या हातात दिला.

"सर," तो म्हणाला, "रविवारी माझी मॅच आहे. शेजारच्या लेनवर याल का?"

काकांनी कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि काकूंकडे वळले.

"अगं, रविवारी आपल्याकडे कोण येणार होतं?"