नखं बघणारे भास्करअण्णा

भास्करअण्णा माणूस भेटला की आधी त्याची नखं बघायचे, मग तोंड. कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत पाहुण्यारावळ्यांचीही यातून सुटका नव्हती. एका लग्नात तर "मुलगा चांगला आहे, रक्त तेवढं कमी आहे," असं त्यांनी मांडवातच नवरदेवाच्या सासऱ्यांना सांगून टाकलं.

आम्ही दोघेही वैमानिकांना तपासणारे डॉक्टर, एकाच केंद्रात. तिथे एक लोखंडी खोली होती. वैमानिकांना आत बसवून हवा काढून घेतली की फार उंचावर गेल्यासारखं होई. प्राणवायू कमी पडला की नखं निळी पडतात, पण माणूस उगाच खुशीत येतो आणि विचारलं तर हसून सांगतो, मी ठीक आहे. अण्णा तोंडाला नळी लावून प्रत्येक तुकडीबरोबर आत बसत. "वसंता, मी ठीक आहे म्हणतो ना, त्याच्याकडेच स्वल्प नीट बघ," असं मला शंभरदा तरी म्हणाले असतील.

माणूस अंतराळात जाऊन आला, त्यानंतरची ती वर्षं. अंतराळवीरांना कसं तयार करतात हे सांगायला निकोलाय नावाचे रशियन डॉक्टर आमच्याकडे आले. त्यांना इंग्रजी जेमतेम येई. दोघे त्या खोलीत समोरासमोर बसले, एकमेकांची नखं बघत राहिले आणि बाहेर आले ते मित्र होऊन. अण्णांनी त्यांना एकच मराठी वाक्य शिकवलं, "मी ठीक आहे," आणि ते कानावर पडलं की काय करायचं, तेही. निकोलायनी त्यांना वर्षभर तिकडे शिकायला बोलावलं. "उद्या आपल्यातला कोणी वर जाईल, तेव्हा त्याची नखं बघायला आपला माणूस नको?" अण्णा म्हणाले. इतकं हरखलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी इंदिराक्कांनी स्वेटर विणायला घेतला. तो अर्धा झाला आणि अण्णा खिशात हात घालून हिंडू लागले. जिन्यात मध्येच थांबायचे. हात दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "थंडीची सवय करतोय रे. मी ठीक आहे." मी ऐकलं नाही, तपासायला घेऊन गेलो. हृदय थकलं होतं. जाणं रद्द झालं. दुसरी बाही पुरी व्हायच्या आत अण्णा गेले. मला त्या खिशांचा अजून राग येतो.

पुढच्या वर्षी निकोलाय आले, तेव्हा मी त्यांना अक्कांकडे घेऊन गेलो. त्यांनी आधी अक्कांच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"मी ठीक आहे," अक्का म्हणाल्या.

निकोलायनी बूट काढले, खुर्ची ओढली आणि ते त्यांच्यासमोर बसून राहिले.