डावीकडची आठ बटणं

सक्करदऱ्याच्या सत्यवतीबाई पोह्यांना फोडणी देत होत्या, तोच दारावर थाप पडली. दारात दुर्गेश. चार वर्षं फोनवरून काम देणारा माणूस आज न सांगता घरी? काहीतरी बिनसलंय, असा बाईंना संशय आला.

दुर्गेशच्या ऑफिसमार्फत धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या पेशंटांसाठी बाई घरच्या घरी संगणकावर धडे जुळवत. बटण दाबलं की चित्र हलतं, आवाज समजावतो, इन्सुलिनची सुई कुठं टोचायची ते.

"काकू, लॅपटॉप दाखवा."

"काहून गा? पोहे तर खा."

"पोहे नंतर."

गरम पोह्यांना नाही म्हणणारा माणूस बाईंनी पहिल्यांदाच पाहिला. संशय पक्का झाला.

दुर्गेशनं धडा उघडला आणि कडेला दिसणाऱ्या, धड्यातल्या भागांच्या यादीवर बोट ठेवलं. "तुळसाबाई, भैय्याजी, नत्थूजी. हे पेशंट आहेत ना? त्यांची नावं फाईलीत टाकून राहिल्या तुम्ही? दवाखान्याले कळलं तर काम बंद!"

बाईंना हसू आवरेना. "अगा, आमच्या गल्लीतले लोक आहेत ते! तुळसाबाई सगळ्यांत मधे तोंड घालते, म्हणून मधेच उघडणारी सूचना तिच्या नावाची. भैय्याजी एकदा बसले की हलत नाहीत, ते मागचं चित्र. नत्थूजी विचारल्याशिवाय बोलत नाही, ते आवाजाचं बटण. पहिले सगळ्यांले 'चित्र एक, चित्र दोन' म्हणत होती, तर एकदा भलतंच पुसलं."

दुर्गेशनं एकेक नाव दाबून पाहिलं. खरंच होतं. तरी नजर निवळली नाही.

"मग सॉफ्टवेअरची वरची बटणांची पट्टी कुठं गेली? आठच बटणं, एवढाली, तीही डावीकडं. काय लपवून राहिल्या, काकू? ऑफिस सगळ्यांची पट्टी एकसारखी करून राहिलं. तुमची आजच बदलायची आहे."

बाईंनी गॅस बंद केला. ही गोष्ट घरातही कुणाला ठाऊक नव्हती.

"उजव्या डोळ्यानं धूसर दिसते. दोन वर्षं झाली. त्या बाजूच्या बटणांवरची बारकी चित्रं ओळखू येत नाहीत, म्हणून बटणं इकडं आणली. अन् चित्रांच्या ऐवजी नावं वाचते."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर काम दिलं असतं तू?"

दुर्गेशनं स्वतःच बशीत पोहे वाढून घेतले. दोन घास झाल्यावर म्हणाला, "पट्टीचं मी ऑफिसात पाहून घेतो. गल्लीची नावं मात्र बदलावी लागतील. दुसरेही फाईल उघडतात."

"आजच बदलते," बाई म्हणाल्या. "पट्टी तेवढी डावीकडंच राहू दे."